मनगटावरचा उष्णता-कॅमेरा आणि प्रकाश-सेन्सरचा पट्टा: कोणता भाग घ्यावा, कोणता सोडावा

मनगटावर बांधता येईल, हवा तसा वाकेल आणि अतिनील किरणांपासून उष्णतेच्या किरणांपर्यंत सगळं एकट्यानं टिपेल असा सेन्सर आज दुकानात मिळत नाही. मिळतात ते वेगवेगळे सेन्सर. ते लवचिक सर्किटवर बसवून पट्टा आपणच बांधायचा. इथे ज्याचा आढावा घेतलाय तो पट्टा असा: उष्णतेच्या चित्रासाठी मेलेक्सिसचा एमएलएक्स९०६४०, दृश्य प्रकाशाचे रंग मोजायला एएमएसचा एएस७३४१, अतिनीलसाठी लाइट-ऑनचा एलटीआर३९०, आणि सगळ्यांना चालवायला सीड स्टुडिओचा शाओ एनआरएफ५२८४० हा छोटा बोर्ड.

मराठवाड्यात अशा पट्ट्याला काम भरपूर आहे. बोअरच्या मोटारीची स्टार्टर पेटी, जिनिंगमधली बेअरिंग आणि कापसाचे ढीग, साखर कारखान्यातले गिअरबॉक्स, वाळूजच्या शेडमधले पॅनल. या सगळ्या ठिकाणी बिघाडाआधी जागा तापते आणि तपासणाऱ्याचे दोन्ही हात अडकलेले असतात. एका हातात टॉर्च, दुसऱ्यात टेस्टर, त्यात रात्रपाळीची लाईट. हातात धरायचा थर्मल कॅमेरा तिथे अडचणच करतो.

निकाल आधीच सांगतो: भाग चांगले आहेत, पैसे वाया जात नाहीत. पण असे पट्टे फसतात ते बहुतेक वेळा दोनच कारणांनी. सेन्सरवर बसवलेलं झाकण चुकीच्या मटेरियलचं असतं, किंवा अंगाची आणि उन्हाची उष्णता सेन्सरच्या डबीत शिरते. चिपला नावं ठेवण्याआधी या दोन गोष्टी तपासा.

एमएलएक्स९०६४०: पट्ट्याचा जीव

आडवे ३२ आणि उभे २४, असे ७६८ बिंदू. उणे ४० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंतच्या वस्तू मोजतो. ३.३ व्होल्टवर चालतो आणि २० मिलिअँपिअरच्या आसपास करंट खातो. याचे दोन प्रकार येतात. नावाच्या शेवटी बीएबी असेल तर नजर ५५ बाय ३५ अंशांची, बीएए असेल तर ११० बाय ७५ अंशांची. मागवताना हा शेवटचा अक्षरगट नीट वाचा, कारण चुकीचा प्रकार आला तर पुढचं सगळं गणित बदलतं.

गणित असं. ५५ अंश ३२ बिंदूंत वाटले की एका बिंदूच्या वाट्याला साधारण १.७ अंश येतात. म्हणजे १ मीटरवर एक बिंदू ३ सेंटिमीटर जागा बघतो, ३० सेंटिमीटरवर ९ मिलिमीटर. रुंद नजरेच्या प्रकारात १ मीटरवर हाच बिंदू ६ सेंटिमीटरचा होतो. आता ६२०२ नंबरचं बेअरिंग घ्या. त्याचा बाहेरचा व्यास ३५ मिलिमीटर. तापमानावर भरवसा ठेवायचा तर वस्तूवर आडवे निदान तीन बिंदू बसायला हवेत. म्हणून बीएबी घेऊन बेअरिंगच्या ४० सेंटिमीटरच्या आत जावं लागतं. त्याहून लांब राहिलात तर बिंदूत बेअरिंग आणि मागची भिंत मिसळते आणि आकडा खरा आहे त्यापेक्षा कमी येतो. पॅनल आणि मोटारीसाठी बीएबीच घ्या. कापसाच्या ढिगासारखी मोठी जागा एका नजरेत बघायची असेल तरच बीएए. त्याच्या कोपऱ्यातल्या बिंदूंची अचूकता मधल्यांपेक्षा कमी असते हेही लक्षात ठेवा.

स्वस्तातला पर्याय म्हणून पॅनासॉनिकचा एएमजी८८३३ सुचवला जातो. त्यात ८ बाय ८ असे ६४ बिंदू, नजर ६० अंशांची, माप ० ते ८० अंश आणि अचूकता अधिक-उणे २.५ अंश. खोलीत माणूस आहे की नाही एवढं ओळखायला तो उत्तम. पण १ मीटरवर त्याचा एक बिंदू १३ सेंटिमीटरचा होतो आणि सैल पडलेला लग (वायरच्या टोकाचा धातूचा जोड) ८० अंशांच्या पुढे सहज जातो. पॅनलच्या कामाला तो घेऊ नका. उलट जालन्याच्या रोलिंग मिलमधला लालभडक गज एमएलएक्सच्याही आवाक्याबाहेरचा आहे. तिथे वेगळं पायरोमीटरच (लांबून फार जास्त तापमान मोजायचं यंत्र) लागतं.

वेग किती ठेवायचा हा प्रश्न मनगटी पट्ट्यात फार महत्त्वाचा. हा सेन्सर एका झटक्यात सगळे बिंदू वाचत नाही. बुद्धिबळाच्या पटावर काळी घरं आधी आणि पांढरी नंतर वाचावीत तसं अर्धं चित्र एका वेळी देतो. हात हलला की दोन अर्धी चित्रं जुळत नाहीत आणि कडांवर चौकटी-चौकटींची नक्षी उमटते. लोकांना वाटतं सेन्सर खराब निघाला. तसं नसतं. उपाय दोन: हात अर्धा सेकंद स्थिर ठेवायचा, किंवा वेग वाढवायचा. वेग वाढवला की खडखड, म्हणजे आकड्यांचं विनाकारण वरखाली होणं, वाढते. १ हर्ट्झला ती ०.१ अंशाच्या घरात असते आणि वेग चौपट केला की साधारण दुप्पट होते. आमच्या मते ८ हर्ट्झ हा योग्य मधला मार्ग, म्हणजे सेकंदाला चार पूर्ण चित्रं.

वेग वायरिंगवरही अवलंबून आहे. अर्ध्या चित्रासाठी ८३२ शब्द (म्हणजे आकडे) वाचावे लागतात, म्हणजे जवळपास १५,००० बिट. आय-टू-सी, म्हणजे सेन्सर आणि बोर्ड यांच्यातली दोन तारांची बोलणी, ४०० किलोहर्ट्झवर असेल तर त्याला ३७ मिलिसेकंद लागतात, १०० किलोहर्ट्झवर १५०. कित्येक लायब्ररी (सेन्सर चालवायचे तयार कोड) मुळात १०० किलोहर्ट्झवर सुरू होतात. तिथे ८ हर्ट्झ मागितलं तर १२५ मिलिसेकंदांत १५० मिलिसेकंदांचं काम बसत नाही आणि चित्र फाटतं. कोडच्या सुरुवातीला क्लॉक ४०० किलोहर्ट्झ करा. निम्म्या तक्रारी तिथेच संपतात. आणि अर्डुइनो युनोवर हा सेन्सर चालवायचा प्रयत्नच करू नका. त्याच्याकडे रॅम २ किलोबाइट, इथे नुसत्या कॅलिब्रेशनच्या आकड्यांना त्याच्या कितीतरी पट जागा लागते. शाओ एनआरएफ५२८४० मध्ये २५६ किलोबाइट आहेत. ब्लूटूथवरून मोबाइलला चित्र पाठवताना प्रत्येक बिंदूला २ बाइट धरले तर १,५३६ बाइट होतात आणि २४४ बाइटच्या सात पाकिटांत ते बसतात.

झाकण: इथेच सगळं बिघडतं

३७ अंशांवरचं शरीर सगळ्यात जास्त उष्णता ९.४ मायक्रॉनच्या आसपास सोडतं. तापलेली मोटार त्याच्या जरा अलीकडे. या लहरींना काच म्हणजे भिंत. अॅक्रिलिक, पॉलिकार्बोनेट, सिलिकॉन रबर हेही तसंच. घड्याळाच्या पट्ट्यासारखा सुंदर सिलिकॉनचा साचा ओतून सेन्सर त्यात बुडवला की तो फक्त त्या सिलिकॉनचंच तापमान दाखवत बसतो. टेफ्लॉनही इथे चालत नाही. त्याचा मोठा शोषणपट्टा नेमका ८ ते ९ मायक्रॉनमध्ये येतो.

चालतं ते पातळ पॉलिथिन. ड्रायक्लीनहून कपडे ज्या पारदर्शक, कुरकुरत्या पिशवीत येतात तसली १५ ते २० मायक्रॉनची फिल्म. रंगीत पिशवी नको, पांढरी दुधी नको; त्यांत मिसळलेली पूड उष्णता शोषते. डब्यावर गुंडाळायची चिकट फिल्म घेणार असाल तर ती पॉलिथिनची आहे का बघा, कारण तसल्या बऱ्याच फिल्म पीव्हीसीच्या असतात.

फिल्म सेन्सरच्या टोपीला (डबीच्या वरच्या भागाला) टेकू द्यायची नाही. २ ते ३ मिलिमीटर अंतर ठेवा आणि चौकटीचं भोक मोठं करा. बीएबीला ३ मिलिमीटर अंतरावर १० मिलिमीटर व्यासाचं भोक पुरतं, बीएएला त्याहून बरंच मोठं हवं. भोक लहान राहिलं तर चित्राच्या कोपऱ्यांत चौकटच दिसते, आणि ती अंगाच्या उबेनं तापलेली असल्यानं चारही कोपरे कायम गरम. जिनिंगमध्ये आणखी एक त्रास असतो. पॉलिथिनवर स्थिर वीज साचते आणि कापसाची तूस तिला चिकटते. कोरड्या फडक्यानं पुसलं की आणखी चिकटते. ओलसर फडक्यानं टिपा, आणि फिल्म आठ-पंधरा दिवसांनी सरळ बदला. म्हणूनच ती गोंदानं चिकटवण्याऐवजी रिंगखाली दाबून बसवावी.

फिल्म बसवल्यावर आकडे थोडे कमी येणार. त्याची दुरुस्ती घरच्या घरी होते. पत्र्याचा डबा बाहेरून मॅट काळ्या रंगानं रंगवा, आत ७० अंशांच्या आसपासचं पाणी भरा, झाकण लावा, थर्मामीटर आत सोडा आणि मधून मधून ढवळा. उकळतं पाणी घेऊ नका. वाफ फिल्मवर बसते, शिवाय संभाजीनगरच्या उंचीवर पाणी १०० ला नाही तर ९८ अंशांच्या आसपास उकळतं, त्यामुळे १०० गृहीत धरलं तर तिथेच चूक. आधी फिल्मशिवाय आकडा घ्या, मग फिल्म लावून घ्या, आणि कोडमधली उत्सर्जकता (वस्तू उष्णतेचे किरण किती चांगले सोडते याचा ० ते १ मधला आकडा) इतकी कमी करा की दोन्ही जुळतील. समजा फिल्म ८८ टक्के जाऊ देते आणि काळ्या रंगाची उत्सर्जकता ०.९५ आहे, तर कोडमध्ये ०.८४ टाकायचे.

याच लायब्ररीत आणखी एक आकडा दडलेला आहे. परावर्तित तापमान (वस्तूवरून परत येणाऱ्या आजूबाजूच्या उष्णतेचं) काढताना मेलेक्सिसचा ड्रायव्हर सेन्सरच्या तापमानातून ८ अंश वजा करतो. हे ८ अंश उघड्या हवेतल्या बोर्डासाठी आहेत. पट्ट्याच्या बंद डबीत सेन्सर बाहेरच्या हवेपेक्षा जास्त तापतो. पट्टा हातावर बांधून दहा मिनिटं थांबा, सेन्सरनं सांगितलेलं स्वतःचं तापमान आणि शेजारी सावलीत टांगलेल्या थर्मामीटरचं तापमान यांतला फरक काढा आणि तो ८ च्या जागी टाका. चमकदार वस्तू मोजताना याचा फरक डोळ्यांत भरतो.

चमकदार वस्तूंचंच सांगायचं तर नुसत्या अॅल्युमिनियमच्या किंवा तांब्याच्या लगवर या सेन्सरचा काही उपयोग नाही. चकचकीत धातू उष्णता फेकतो फार कमी आणि आजूबाजूची परत पाठवतो जास्त. त्यामुळे पडद्यावर येतं ते समोर उभ्या माणसाचंच तापमान. सप्लाय बंद करून, टेस्टरनं खात्री करून, लगच्या शेजारी काळ्या इन्सुलेशन टेपची पट्टी लावा. मग सप्लाय चालू करून लोडवर ती पट्टी बघा. तीनही फेजना सारखीच टेप, सारखं अंतर. नेमका आकडा किती यापेक्षा तीन फेजमध्ये एक वेगळी आहे का हेच बघायचं असतं. दोन ४८ वर आणि तिसरी ७१ वर असेल तर तो स्क्रू सैल आहे किंवा कॉन्टॅक्ट जळालाय. मोटारीच्या रंगवलेल्या बॉडीला टेपची गरज नाही. रंगाची उत्सर्जकता ०.९ च्या वर असते.

अंगाची ऊब आणि ऊन

सेन्सर धातूच्या छोट्या डबीत असतो आणि डबीचं बूड व टोपी एकाच तापमानावर आहेत असं धरून हिशेब करतो. मनगटाची त्वचा ३३-३४ अंशांची. डिसेंबरात परभणीत सकाळी बाहेर ८-१० अंश असताना बूड हाताकडून तापतं, टोपी वाऱ्यानं गार पडते आणि सगळं चित्र सरकतं. मेमध्ये उलटं: टोपीवर सरळ ऊन पडलं की ती तापते. उपाय स्वस्त आहे. बोर्डाखाली ३ ते ४ मिलिमीटर जाडीचा बंद छिद्रांचा फोम, आणि टोपीभोवती सावली धरणारी उंच पांढरी कड. चालू केल्यावर पहिली चार-पाच मिनिटं आलेल्या आकड्यांवर विसंबू नका. उन्हातून शेडमध्ये गेल्यावरही तेवढाच वेळ द्या. शाओ बोर्ड आणि बॅटरी सेन्सरच्या पाठीला न लावता पट्ट्याच्या दुसऱ्या बाजूला ठेवा.

एएस७३४१: उपयोगी, पण चित्र देत नाही

४१५ ते ६८० नॅनोमीटरमध्ये आठ रंग, शिवाय एक जवळच्या अवरक्ताचा आणि एक बिनफिल्टरचा चॅनेल. चिप ३ बाय २ मिलिमीटरची. हा एका बिंदूचा सेन्सर आहे, त्यामुळे याच्याकडून चित्राची अपेक्षा ठेवू नका. जालन्याकडच्या बीजोत्पादनाच्या शेडनेटमध्ये मात्र हा कामाचा ठरतो. ५० टक्क्यांची म्हणून घेतलेली जाळी खरंच किती प्रकाश अडवते, आणि हिरव्या जाळीखाली लाल प्रकाश किती उरतो, हे हातावरच्या पट्ट्यानं चालता चालता कळतं. बाहेर एकदा आणि आत एकदा, ढग नसताना, पाच मिनिटांच्या आत मोजून भागाकार करायचा.

दोन गोष्टी बहुतेकांकडून सुटतात. पहिली: याचा कमाल आकडा कायम ६५,५३५ नसतो. मोजण्याचा काळ ठरवणाऱ्या दोन सेटिंगपैकी ए-टाइम २९ आणि ए-स्टेप ५९९ ठेवलं तर ३० गुणिले ६०० म्हणजे १८,००० ही छत होते. उन्हात चॅनेल १८,००० वर अडकतो आणि मोजणारा समजतो की अजून खूप जागा आहे. सगळे चॅनेल एकाच आकड्यावर दिसले की गेन (सिग्नल किती पट वाढवायचा तो आकडा) कमी करा, उन्हात ०.५ किंवा १ पट पुरतं. दुसरी: आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. मोजण्याचा काळ १० मिलिसेकंदांच्या पटीत नसेल तर आकडे नाचतात. वरच्या सेटिंगमध्ये १८,००० गुणिले २.७८ मायक्रोसेकंद म्हणजे बरोबर ५० मिलिसेकंद येतात, म्हणून आम्ही तीच सुचवतो.

या सेन्सरवर झाकण टेफ्लॉनचं हवं. उष्णतेला चालत नाही ते टेफ्लॉन अतिनील आणि दृश्य प्रकाशाला उत्तम चालतं आणि प्रकाश सगळीकडे सारखा पसरवतं. अर्ध्या मिलिमीटरची शीट मिळाली तर छान, नाहीतर नळजोडणीची पांढरी टेप चार-पाच पदर, सुरकुती न पडू देता. टेफ्लॉनला काही चिकटत नाही, तेव्हा इथेही रिंगच. एका चौकटीत दोन झाकणं, उष्णतेला पॉलिथिन आणि प्रकाशाला टेफ्लॉन, हाच या पट्ट्याचा कणा आहे.

पत्त्यांचं पण बघून घ्या. एकाच तारांवरच्या प्रत्येक सेन्सरला वेगळा पत्ता लागतो. एमएलएक्स हेक्स ३३ वर, एएस७३४१ हेक्स ३९ वर, एलटीआर३९० हेक्स ५३ वर. तिघांत भांडण नाही. मात्र हातवारे ओळखणारा एपीडीएस९९६० जोडायचा मोह झाला तर तोही ३९ वरच बसतो.

एलटीआर३९०: घ्या, पण मनगटावर लावू नका

अतिनीलसाठी आधी सर्रास वापरला जाणारा व्हीईएमएल६०७५ व्हिशेनं बंद केला. जुना साठा अजून दिसतो; नवीन कामाला तो घेऊ नये. एलटीआर३९० त्याची जागा बऱ्यापैकी भरतो. गेन १८ आणि २० बिट या सेटिंगला यूव्ही इंडेक्सच्या (उन्हातल्या अतिनीलची तीव्रता सांगणारा आकडा) एका एककाला २,३०० मोजण्या येतात. गेन ३ आणि १८ बिटला हाच आकडा ९६ च्या आसपास उतरतो. नेटवर मिळणाऱ्या कोडमध्ये सेटिंग एक आणि भागाकार दुसऱ्याच सेटिंगचा असं बऱ्याचदा दिसतं, म्हणून इंडेक्स ०.५ आला तर आधी हे तपासा. हा सेन्सर दृश्य प्रकाश आणि अतिनील एकाच वेळी मोजत नाही. मोड बदलून थोडं थांबून वाचावं लागतं. त्याचा प्रतिसाद ३०० ते ३५० नॅनोमीटरमध्ये जास्त आहे आणि त्वचा भाजण्याच्या वक्राशी तंतोतंत जुळत नाही. अंदाजाला चांगला, वैद्यकीय सल्ल्याला नाही.

मनगटावर नको याचं कारण साधं आहे. सेन्सर सूर्यापासून ६० अंश कलला की सरळ उन्हाचा अर्धाच भाग त्याच्यावर पडतो. खुरपताना, कापूस वेचताना मनगट जमिनीकडे असतं आणि ऊन मान-खांद्यावर. तेव्हा हा तुकडा चार तारांवर वेगळा काढून डोक्यावरच्या टोपीच्या माथ्यावर किंवा खांद्यावर शिवा. तपासणीसाठी शून्य सावलीचा दिवस सोयीचा. लातुरात तो मेच्या दुसऱ्या आठवड्यात येतो, संभाजीनगरात तिसऱ्या. त्या दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. सेन्सर सपाट ठेवून एक आकडा घ्या, मग कोनमापकानं ३० आणि ६० अंश कलवून घ्या. सपाटचा १०० धरला तर ३० ला ८७ आणि ६० ला ५० यायला हवेत. विखुरलेला प्रकाश असतो, त्यामुळे थोडे जास्त येतील. ६० ला २०-२५ च येत असतील तर टेफ्लॉन खोल बसलंय. त्याला चौकटीच्या वर थोडं उचला.

लवचिक सर्किट आणि बॅटरी

पॉलिइमाइडचा दोन थरांचा, ०.१३ मिलिमीटरच्या आसपास जाडीचा एफपीसी (लवचिक सर्किट) घ्या. रोज वाकणाऱ्या भागाची त्रिज्या जाडीच्या निदान १०० पट हवी, म्हणजे १३ मिलिमीटर. मनगटाची त्रिज्या त्याच्या दुप्पट असते, त्यामुळे घातलेला असताना काही होत नाही. पट्टा खिशात दुमडून ठेवला की तांबं तुटतं. ऑर्डर देताना रोल्ड अॅनील्ड तांबं मागा. वाकणाऱ्या भागात व्हाया (दोन थर जोडणारी भोकं) आणि सुटे भाग नकोत, तारा वळणाला आडव्या नाही तर वळणाच्या दिशेनं लांब जाऊ द्या, आणि प्रत्येक चिपखाली ताठ पट्टी लावून घ्या. लवचिक असतो तो पट्टा, सेन्सर नाही. पॉलिइमाइड ओल धरतं. पावसाळ्यात पाकीट फोडून ठेवलेलं असेल तर सोल्डर करण्याआधी १२० अंशांवर दोन-तीन तास भाजा, नाहीतर थर फुगतात. एएस७३४१ सारखी बिनपायाची चिप साध्या सोल्डरिंग आयर्ननं बसत नाही. हॉट एअर असलेल्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून बसवून घ्या आणि वरची खिडकी कॅप्टॉन टेपनं (उष्णता सोसणाऱ्या टेपनं) झाकायला सांगा, कारण फ्लक्स आत गेला की रंगांचे आकडे कायमचे बिघडतात.

सगळं मिळून २५ ते ३० मिलिअँपिअर जातात. १५० मिलिअँपिअर-तासाची लिपो बॅटरी चार तास ओढते. शाओ बोर्डाच्या आतला चार्जर ५० किंवा १०० मिलिअँपिअरनं भरतो, तो या बॅटरीला योग्य आहे. वेगळा टीपी४०५६ चार्जर बोर्ड लावणार असाल तर तो मुळात १,००० मिलिअँपिअरवर येतो; इतक्या छोट्या बॅटरीला हे धोक्याचं आहे. त्यावरचा १.२ किलोओहमचा रेझिस्टर काढून १० किलोओहम लावा, म्हणजे १३० वर येईल. आणि लिपो ४५ अंशांच्या वर भरायची नसते. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४४ वर असताना पत्र्याच्या शेडमध्ये किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर चार्जिंगला लावू नका. रात्री किंवा पहाटे भरा.

नॅनोट्यूबची फिल्म: वाट बघावी असं काहीतरी

वरच्या पट्ट्यात एक मोठी पोकळी आहे. सिलिकॉनचे सेन्सर १.१ मायक्रॉनला संपतात, उष्णतेचा सेन्सर ८ मायक्रॉनच्या आसपास सुरू होतो. मधलं सगळं अंधारात. ही पोकळी भरण्याचा आणि सेन्सरच लवचिक करण्याचा खरा मार्ग कार्बन नॅनोट्यूबच्या (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांच्या) फिल्मचा आहे. टोकियोतल्या संशोधकांनी २०१६ साली अशा फिल्मवर अंगावर गुंडाळता येणारा टेराहर्ट्झ स्कॅनर दाखवला. तत्त्व असं की प्रकाश कुठलाही असो, फिल्म तो शोषून तापते. फिल्मचा एक भाग पी आणि शेजारचा एन प्रकारचा (विरुद्ध विद्युत गुणांचा) केला की तापलेल्या सांध्यातून तापमानाच्या फरकाच्या प्रमाणात व्होल्टेज मिळतो. बाहेरून वीज द्यायला नको, थंड करायला नको.

इंजिनीअरिंगच्या मुलांनी प्रोजेक्टला हा विषय घ्यावा, पण मोजणी आधी समजून. सांध्याला एका अंशाला काही दशक मायक्रोव्होल्ट मिळतात. ५० धरले आणि फिल्म ०.१ अंशानं तापली तर हातात ५ मायक्रोव्होल्ट. व्होल्टेज मोजणाऱ्या एडीएस१११५ चिपची सगळ्यात बारीक पायरी ७.८ मायक्रोव्होल्टची, म्हणजे त्याला काहीच दिसणार नाही. वजनकाट्यातली एचएक्स७११ ही चिप मात्र १२८ गेनवर हे आरामात वाचतो आणि स्वस्तात मिळतो. एकच अट: त्याच्या दोन्ही इनपुटचा सरासरी व्होल्टेज ग्राउंडपासून निदान १.२ व्होल्ट वर हवा. फिल्मचं एक टोक ग्राउंडला लावलं की आकडे कचरा येतात. दोन सारखे १० किलोओहमचे रेझिस्टर घेऊन मधला व्होल्टेज काढा आणि एक टोक तिथे जोडा. प्रकाश झाकून आणि उघडून येणारा फरकच मोजा, नुसता आकडा नको. हाताची ऊबही तेवढाच व्होल्टेज देते. नॅनोट्यूबची कोरडी पूड उघड्यावर हाताळू नका, ती फुप्फुसांत जाते. तयार फिल्म किंवा द्रवात मिसळलेली शाई घ्या, तीही फ्यूम हूडखाली. शेतावर किंवा पॅनलवर वापरायला या फिल्मचा तयार माल घेण्याची वेळ अजून आलेली नाही.

माल हातात आल्यावर

परतीची मुदत संपण्याआधी एमएलएक्सची एक तपासणी कराच. सपाट, सावलीतल्या, एकाच तापमानाच्या भिंतीसमोर ३० सेंटिमीटरवर ठेवून पाच मिनिटं चालू द्या आणि मग ७६८ आकडे काढा. कारखान्याच्या मापदंडानुसार चारपर्यंत बिंदू बाद असले तरी सेन्सर चांगला धरतात आणि त्यांची नोंद आतल्या मेमरीत असते. लायब्ररी शेजारच्यांवरून ते भरून काढते. चारपेक्षा जास्त बिंदू शेजाऱ्यांपासून ३-४ अंश तुटून दिसत असतील, किंवा टोपीच्या खिडकीवर ओरखडा असेल, तर बोटानं पुसत बसू नका; व्हिडिओ काढून लगेच परत पाठवा. एएस७३४१ ची तपासणी उघड्या निळ्या आभाळाकडे तोंड करून: निळ्या चॅनेलचं लालशी असलेलं प्रमाण पिवळ्या बल्बखाली येणाऱ्या प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त यायला हवं. तसं येत नसेल आणि छतही गाठली नसेल तर चॅनेल वाचण्याचा क्रम कोडमध्ये चुकलाय. त्यात कन्व्हर्टर (प्रकाशाचा सिग्नल आकड्यात बदलणारे भाग) सहाच आहेत, दहा चॅनेल दोन फेऱ्यांत वाचावे लागतात आणि दुसऱ्या फेरीचे आकडे पहिल्याच्या जागी पडणं ही नेहमीची चूक आहे.